मशीनपासून तीन पावलं

माझ्या प्रश्नावलीतला चौदावा प्रश्न असा होता : 'प्रशिक्षणात शिकवलेल्या गोष्टी प्रत्यक्ष कामात कितपत उपयोगी पडतात?' खाली पाच चौकटी, 'अजिबात नाही'पासून 'पूर्णपणे'पर्यंत. ३६ शिकाऊ उमेदवारांपैकी ३४ जणांनी 'बऱ्याच'वर खूण केली, दोघांनी 'पूर्णपणे'वर. एकाही कागदावर खाडाखोड नाही. समाजशास्त्राच्या संशोधनातलं माझं पहिलंच क्षेत्रकार्य इतकं सुरळीत पार पडलं म्हणून मी हवेत होते.

मार्गदर्शक बाईंनी गठ्ठा चाळला, बाजूला ठेवला आणि एवढंच विचारलं, "भरताना मुलं कुणाकडे बघत होती?"

मी आठवून बघितलं. दारात निदेशक उभे होते. मुलं आधी कागदाकडे, मग त्यांच्याकडे, मग शेजाऱ्याच्या कागदाकडे बघत होती. हे सगळं मी पाहिलं होतं आणि कुठेही लिहिलं नव्हतं, कारण त्याला चौकटच नव्हती.

"गठ्ठा फेकू नकोस," बाई म्हणाल्या. "मुलं परीक्षा कशी देतात याचा चांगला पुरावा आहे तो."

खरं तर तो चौदावा प्रश्न मी उसना आणला होता. १९६०च्या सुमारास थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञांनी 'मानवी भांडवला'ची कल्पना पक्की केली. बेकर यांचं त्यावरचं मुख्य लेखन १९६४चं. प्रशिक्षण म्हणजे गुंतवणूक, कौशल्य म्हणजे माणसात साठलेलं भांडवल, मजुरी हा त्याचा परतावा. हिशेब म्हणून ते चोख आहे. पण त्यात शिकणारा म्हणजे बाटली आणि शिकवणारा म्हणजे नळ. किती भरलं ते मोजायचं. समाजशास्त्राची माणसं भलतीकडूनच सुरुवात करतात. कौशल्य कशाला म्हणायचं हे कोण ठरवतं? कामाच्या जवळ कुणाला येऊ देतात? शिकवायचं ठरवलेलं नसताना काय काय शिकून होतं? मला हे सगळं पाठ होतं, परीक्षेत त्यावर मार्कही मिळाले होते. आणि तरी पहिल्या संधीला मी बाटली भरली का तेच विचारून आले होते.

तर पुन्हा सुरुवात. या वेळी कारखान्यात जाऊन, महिनोनमहिने, बघत बसायचं.

परवानगी मिळवायला अडीच महिने गेले. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पत्रं, स्मरणपत्रं, साहेब रजेवर. एक मात्र सांगते. मनुष्यबळ विभागातल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "यातून आम्हाला काय मिळणार?" आणि मी घाईघाईने म्हणाले, "शेवटी अहवाल देईन." असं कधी म्हणू नये. त्या वाक्याची परतफेड पुढे व्याजासकट करावी लागली.

साहेबांची परवानगी म्हणजे कामगारांची संमती नव्हे, हे संशोधनाच्या नीतिनियमांत लिहिलेलंच असतं. म्हणून मी संमतिपत्रं घेऊन शॉपमध्ये, म्हणजे मशीनं चालतात त्या दालनात, गेले. सगळ्यात जुने टर्नर, म्हणजे लेथवर धातू कापणारे कारागीर, ज्यांना सगळे काका म्हणायचे, त्यांनी कागद चष्म्याजवळ धरून वाचला आणि परत दिला. "तुम्ही विचारा, मी सांगतो. पण सही कशाला? सही केली की माणूस सापडतो." शेवटी नीती समितीला पत्र लिहून तोंडी संमती पुरेल असं करून घेतलं. आता वाटतं, त्या एका वाक्यात काकांनी मला कागद आणि कामगार यांच्या नात्याबद्दल जे सांगितलं ते पुढच्या दोन मुलाखतींतही सांगितलं नाही.

पहिल्याच दिवशी माझं नाव पडलं, 'टाइम स्टडीवाल्या मॅडम'. शॉपमध्ये वही आणि घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा एकच अर्थ होतो, आणि तो काही त्या कारखान्यापुरता नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेडरिक टेलर स्टॉपवॉच घेऊन कामाचे तुकडे मोजू लागला, तेव्हापासून जगभरच्या शॉपमध्ये तो अर्थ ठरलेला आहे : आता रेट, म्हणजे नगामागची मजुरी, कापणार. दुसऱ्या आठवड्यात मी मनगटावरचं घड्याळ काढून घरी ठेवलं. भिंतीवरचं बघायचं. वहीदेखील लहान केली, खिशात मावेल एवढी. नोंदी करायला अधूनमधून स्वच्छतागृहात जायचे. माझ्या तब्येतीची चौकशी सुरू झाली तेव्हा तेही कमी केलं, आणि शब्द लक्षात ठेवून रात्री उतरवून काढायची सवय लावली. तासाभराच्या निरीक्षणाला निदान दोन तास लिखाण. रात्री टाळलं तर सकाळपर्यंत वाक्यं माझ्या भाषेत बदललेली असत.

फरशीवर मशीनपासून साधारण तीन पावलांवर पिवळा पट्टा मारलेला होता. बाहेरच्या माणसाने पट्ट्याबाहेर उभं राहायचं. मी तीन आठवडे राहिले. त्या काळातली एक नोंद जशीच्या तशी : '१०.४० – शिकाऊ क्र. ३ मशीनकडे बघत आहे. १०.५५ – अजून बघत आहे.' पानंच्या पानं अशी. शिकाऊ क्र. ३ सुद्धा पट्ट्याबाहेरच उभा होता हे त्यातून निघणारं एकमेव निरीक्षण, आणि तेही मला तेव्हा निरीक्षण वाटलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात काकांनी माझ्या हातात झाडू दिला. "नुसत्या उभ्या राहून पाय दुखत असतील. हे घ्या. आणि कीस हाताने ओढू नका, बोट कापेल. हा आकडा घ्या." लांब दांडीचा, टोकाला वाकवलेला लोखंडी आकडा, स्टीलचा कीस रिबिनीसारखा लांबलचक निघतो आणि त्याची कड ब्लेडसारखी असते. तो आकडा काकांनी स्वतः बनवलेला, आणि तो दिवसातून चार वेळा हरवायचा. "आकडा कुठे गेला माझा?" ही आरोळी मी पुढे इतक्यांदा ऐकली की नोंदींत लिहिणंही सोडून दिलं.

पद्धतीच्या वर्गात आम्हाला रेमंड गोल्ड यांची १९५८ची मांडणी शिकवली होती. क्षेत्रात निरीक्षकाच्या चार भूमिका : पूर्ण सहभागी, सहभागी पण निरीक्षक, निरीक्षक पण सहभागी, नुसता निरीक्षक. संशोधन-प्रस्तावात मी तिसऱ्या भूमिकेवर ऐटीत टिचकी मारली होती. प्रत्यक्षात भूमिका मी निवडलीच नाही, ती माझ्या हातात झाडू म्हणून आली. झाडूवाल्या बाईला पट्ट्याच्या आत जाता येतं. कुणाच्याही मशीनखाली वाकता येतं. ती किती वेळ कुठे रेंगाळली हे कुणी विचारत नाही. तीन आठवड्यांत जे दिसलं नव्हतं ते तीन दिवसांत दिसायला लागलं. मुख्य म्हणजे हे दिसलं की ज्या शिकाऊंच्या हातात झाडू, तेलाची बुदली किंवा आकडा होता तेही माझ्यासारखेच हळूहळू आत सरकत होते.

इथे मला जीन लेव्ह यांचं काम आठवलं. १९७०च्या दशकात त्यांनी लायबेरियातल्या वाई आणि गोला शिंप्यांच्या शागिर्दांचा अभ्यास केला. तिथे कपडा ज्या क्रमाने बनतो त्याच्या उलट क्रमाने तो शिकवला जायचा. कपडा बनताना आधी बेतणं, मग शिवणं, शेवटी काजं-बटणं आणि इस्त्री. शागिर्द मात्र आधी बटणं लावायचा, दुमड घालायचा, मग शिवायचा, कात्री हातात यायची सगळ्यात शेवटी. बटण चुकलं तर उसवता येतं, कापड चुकीचं कापलं तर गेलं. शिवाय बटणं लावताना पुरा कपडा रोज हातातून जातो, कुठला तुकडा कुठे बसतो ते डोळ्यांत भरतं. लेव्ह आणि एटीएन वेंगर यांनी १९९१मध्ये यावरून मांडणी केली की शिकणं म्हणजे एखाद्या कामकरी समूहाच्या कडेला रीतसर जागा मिळणं आणि तिथून आत सरकत जाणं. त्यांच्या इंग्रजी संज्ञेचं मराठी मी पाच वेळा केलं आणि पाचही वेळा ते जिभेवर अडकलं. काकांच्या भाषेत त्याला 'हाताखाली असणं' म्हणतात. माझं काम त्यात भागलं.

त्याच मांडणीत अमेरिकेतल्या सुपरमार्केटमधल्या मांस कापणाऱ्या शिकाऊंचं उदाहरण आहे, आणि ते मला जास्त जवळचं वाटलं, कारण ते फसलेल्या प्रशिक्षणाचं आहे. शाळेत त्यांना शिकवलेल्या काही गोष्टी दुकानात लागतच नव्हत्या. दुकानात त्यांना वेष्टणाच्या यंत्रावर बसवत, आणि मुरलेल्या कारागिरांची टेबलं अशी मांडलेली असत की शिकाऊंना ती दिसतही नसत. वाईट कुणीच वागत नव्हतं. नुसतं दिसत नव्हतं.

आमच्या कारखान्यात याचीच जुळी बहीण होती : काचेची खोली. व्यवस्थापनाने हौसेने वेगळं प्रशिक्षण केंद्र बांधलं होतं. नवी मशीनं, भिंतीवर तक्ते, प्रत्येकाला स्वतःचं मोजमापाचं साहित्य. तिथे बारा जण. जागा पुरली नाही म्हणून उरलेल्या आठ जणांना शॉपमध्येच जुन्या टर्नरांच्या हाताखाली दिलं होतं. संशोधकाला असा योगायोग मागून मिळत नाही. मी शॉपचा नकाशा काढला, त्याच्या झेरॉक्स केल्या आणि दर तासाला दहा मिनिटं एकेक शिकाऊ कुठून कुठे जातो त्याची पेन्सिलीने रेघ मारत गेले. महिन्याभराने कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले.

शॉपमधल्या आठ जणांच्या रेघांचं जाळं झालं होतं. काचेच्या खोलीतल्या बाराजणांच्या रेघा खोलीत, दारापर्यंत, आणि थेट स्वच्छतागृहाकडे.

म्हणून काचेची खोली वाईट, असं मात्र मला म्हणता आलं नाही, आणि हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा अभ्यासांत 'वर्ग खोटा, कारखाना खरा' असं गाणं गायची फार ओढ असते. ड्रॉइंग वाचण्यात, मायक्रोमीटरने मोजण्यात खोलीतली मुलं सरस होती. शॉपमधल्या एका मुलाने तर चार महिने स्टोअरमधून टूलं आणण्यापलीकडे काहीही केलं नाही. त्याचा टर्नर त्याला 'जा, आण, ठेव' एवढे तीनच शब्द बोलायचा. तो हाताखाली होता खरा, पण आत सरकत नव्हता. कंपनीला स्वस्तात एक हमाल मिळाला होता. कडेची जागा ही पायरी आहे की डांबून ठेवायची कोठडी, हे त्या जागेवर लिहिलेलं नसतं. ते टर्नरवर, त्याच्यावरच्या उत्पादनाच्या दडपणावर, आणि बऱ्याचदा मुलाची ओळख कुणाशी आहे यावर ठरायचं.

आता एक गोष्ट जवळून दाखवते, म्हणजे 'शिकणं' म्हणजे मी काय बघत होते ते कळेल.

लेथवर जॉब, म्हणजे कापायचा धातूचा तुकडा, फिरत असतो आणि टूलचं टोक त्याच्या बरोबर मध्यरेषेच्या उंचीला लागतं. ते खाली राहिलं तर फेसिंग करताना, म्हणजे जॉबचं तोंड सपाट करताना, मधोमध एक बोंडूक उरतं. वर गेलं तर टूल कापायच्या ऐवजी घासायला लागतं. वर्गात शिकवतात : टेलस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराच्या, सेंटरशी टूलचं टोक जुळवून बघा. काकांनी शिकाऊला असं काहीच सांगितलं नाही. त्यांनी सहा इंची स्टीलची पट्टी घेतली, चकमध्ये पकडलेल्या गोल जॉबला उभी टेकवली आणि टूल पुढे आणून तिला हलकेच दाबून धरलं. पट्टी वरच्या टोकाने आमच्याकडे झुकली. "बघ." टूल खाली होतं. त्यांनी खाली पातळ पत्रा सरकवला, पुन्हा पट्टी. आता ती पलीकडे झुकली, म्हणजे टूल वर. पत्रा बदलला. पट्टी सरळ उभी. "झालं." सगळं मिळून मिनिटभर. मग शिकाऊने केलं. त्याची पट्टी पडली, कारण दाब कमी. दुसऱ्यांदा काकांनी नुसतं 'अंहं' म्हटलं, कारण दाब जास्त. एवढ्या दाबाने टूलच्या धारेचं टोक उडतं. तिसऱ्यांदा काही बोलले नाहीत. शिकाऊने मान वर करून बघितलं, काका दुसऱ्याच कामाला लागले होते. त्यावरून त्याला कळलं की जमलं.

संध्याकाळी मी काकांना विचारलं, "दाब किती द्यायचा हे कसं कळतं?"

"कळतं की."

"म्हणजे कसं?"

"अहो, पट्टी सांगते."

मायकेल पोलान्यी यांनी १९६६मध्ये म्हटलं होतं की माणसाला जेवढं सांगता येतं त्याहून जास्त येत असतं. हे वाक्य शोधनिबंधांत इतकं वापरलं जातं की मला त्याचा कंटाळा आला होता. पण माझ्या मुलाखती त्याच भिंतीवर आपटत होत्या. 'कळतं', 'सवयीने होतं', 'बघून बघून'. दीड महिना मी हेच टेपमधून उतरवत होते.

तेव्हा बाईंनी एक युक्ती सांगितली. १९७०च्या दशकात इटलीत, तुरिनमधल्या मोटार कामगारांबरोबर काम करताना इवार ओद्दोने या मानसतज्ज्ञ डॉक्टरने ती वापरली होती. कामगाराला 'तू काम कसं करतोस' असं विचारायचंच नाही. म्हणायचं : उद्या तुमच्या जागी मी येणार आहे, हुबेहूब तुमच्यासारखी दिसते, आणि कुणालाही फरक कळता कामा नये, तर मला काय काय सांगून ठेवाल?

काका हसले, मग खुर्चीत सावरून बसले. "आधी, सकाळी कुणाशी बोलायचं नाही ते सांगतो."

पुढचा दीड तास ते थांबले नाहीत. पहिला जॉब पास होईपर्यंत सुपरवायझरच्या नजरेस पडायचं नाही, नाहीतर तो घाईचं दुसरं काम गळ्यात मारतो. तीन नंबरच्या लेथच्या क्रॉस स्लाइडचा स्क्रू सैल आहे, म्हणून मागे येताना डायलवरचा आकडा धरायचा नाही. अर्धा फेरा जास्त मागे जायचं आणि पुढे येताना धरायचा. स्टोअरमध्ये दुपारपाळीचा माणूस असेल तर टूल मागायचं नाही, तो वापरलेलं देतो. कट लावल्यावर डोळे जॉबवर ठेवायचे पण लक्ष आवाजाकडे. टूल किंचाळायला लागलं की वेग आधी कमी करायचा, कारण नंतर शोधायचं. कीस निळा पडला आणि टूल हायस्पीड स्टीलचं असेल तर ते मरतंय असं समजायचं. "आणि पोराला ओरडायचं नाही. मी ओरडत नाही. तुम्ही ओरडलात तर लगेच कळेल की मी नाही."

या यादीत अभ्यासक्रमात असलेल्या गोष्टी दोन. बाकीचं काम कारखान्यातल्या माणसांचं, जागांचं आणि मशीनच्या खोडींचं. हे सगळं प्रशिक्षण कुठल्या तक्त्यात बसवायचं?

एक गोष्ट काकांनी त्या दिवशी सांगितली नाही, ती मला अनुभवाने कळली. बर काढायचं काम, म्हणजे कापलेल्या कडेचे बारीक कंगोरे कानशीने साफ करायचं, माझ्याकडे आलं होतं. मला ते आवडायला लागलं आणि एका सकाळी मी दणादण पेटी संपवली. शेजारचा कामगार शांतपणे म्हणाला, "मॅडम, सावकाश. उद्यापण काम करायचंय." त्याच्या शेजारच्या शिकाऊने कानस खाली ठेवली आणि पाणी प्यायला गेला. त्याला हे आधीच माहीत होतं.

पुस्तकांत याचे पुरावे जुने आहेत. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२मध्ये टेलिफोनच्या जोडण्या करणाऱ्या १४ कामगारांच्या गटाचं निरीक्षण झालं. दिवसाचं 'योग्य' काम किती हे त्यांचं त्यांनी ठरवलेलं होतं आणि जो पुढे पळेल त्याच्या दंडावर गुद्दा बसायचा. डोनाल्ड रॉय यांनी १९४४-४५मध्ये एका कारखान्यात ड्रिलवर काम करत हाच खेळ आतून पाहिला. तीस वर्षांनी मायकेल बुरावॉय मशीन चालवायला लागले, आणि त्यांना शोध लागला की आपण नेमके रॉय यांच्याच कारखान्यात आलो आहोत. त्यांनी प्रश्न फिरवला : कामगार काम का टाळतात, याऐवजी ते इतकं काम का करतात? मला या सगळ्यातून माझ्यापुरता धागा सापडला. शिकाऊ जसा मध्यरेषा जुळवायला शिकतो तसाच किती वेगाने काम करायचं नाही हेही शिकतो, आणि त्या दुसऱ्या धड्यात चुकला तर पहिला धडा कुणी देत नाही. पट्ट्याच्या आत यायचं तर आतल्यांच्या वेगाने चालावं लागतं.

दुसरं क्षेत्र मी मुद्दाम वेगळं निवडलं होतं : रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या मदतनिसांचं प्रशिक्षण. सगळ्या बाया. इथे लेथसारखं बोट दाखवायला काही नव्हतं. मूल्यमापनाच्या तक्त्यात 'हसतमुख : होय / नाही' अशी एक ओळ होती आणि तिला दोन गुण. आर्ली होकशील्ड यांनी १९८३मध्ये विमानातल्या सेविकांच्या प्रशिक्षणावर लिहिताना 'भावनांचे श्रम', म्हणजे नोकरीचा भाग म्हणून भावना सांभाळणं, असं ज्याला म्हटलं, ते इथे दोन गुणांना विकायला ठेवलेलं होतं.

एक शिकाऊ बाई, वयाने बाकीच्यांहून मोठी, अंथरुणाला खिळलेल्या आजींना कुशीवर वळवत होती. हात लावण्याआधी ती म्हणाली, "आजी, आता मी तुम्हाला खिडकीकडे वळवते, चालेल ना?" आजींचा खांदा किंचित सैल झाला, मग हिने एक हात खांद्यामागे, एक कमरेखाली घातला. आधी दुसरीने न बोलता वळवलं होतं तेव्हा त्याच आजींनी कठडा घट्ट धरून ठेवला होता. खांदा सैल होण्याची वाट बघणं हे मला तरी पट्टीच्या दाबाइतकंच नाजूक वाटलं.

आता कबुली. त्या रात्री नोंदींना संकेत, म्हणजे वर्गवारीची नावं, देताना काकांच्या पट्टीपुढे मी 'कौशल्य' लिहिलं आणि या बाईपुढे 'स्वभाव'. दोन महिने ते तसंच राहिलं. ॲन फिलिप्स आणि बार्बरा टेलर यांचा १९८०चा लेख मी वाचलेला होता. कागदी खोकी बनवण्याच्या उद्योगात हाताने कागद घालायच्या यंत्रावरच्या बाया 'अकुशल', आणि स्वयंचलित यंत्रावरचे पुरुष त्यांच्याहून वरच्या श्रेणीत, हे उदाहरण मी वर्गात सांगत असे. कुशल-अकुशल हा शिक्का कामावर कमी आणि माणसावर जास्त बसतो, असं वरून बजावत असे. आणि स्वतःच्या वहीत मी तोच शिक्का मारून मोकळी झाले होते. ती चूक बाईंनी पकडली नाही, कुणीच पकडली नाही. संकेत दुसऱ्यांदा तपासताना मीच अडखळले. त्या पानावर खाडाखोड आहे आणि ती मी तशीच ठेवली.

दुसरी फजिती त्याहून हास्यास्पद. काचेच्या खोलीत एक मुलगा थिअरीच्या तासाला मागे बसून सतत टवाळी करायचा, वही कधी उघडायचा नाही, आणि प्रॅक्टिकलला मात्र सगळ्यांच्या आधी हजर. मला लगेच पॉल विलिस आठवले. इंग्लंडमधल्या एका औद्योगिक गावातल्या, शाळेला धुडकावणाऱ्या १२ कामगार-मुलांवर त्यांनी १९७७मध्ये लिहिलं. पुस्तकी कामाला बायकी आणि अंगमेहनतीला मर्दानी मानत ती मुलं आपणहून वडिलांच्याच कामाकडे कशी चालत जातात ते दाखवलं. मी या मुलावर तीन पानं लिहिली. प्रतिकार, पौरुष, वर्गसंस्कृती, सगळं. मग एकदा त्याच्याशी निवांत बोलायला मिळालं.

"थिअरीला मागे का बसतोस?"

"पुढे बसलं तरी तेच, मॅडम. फळा दिसत नाही."

त्याला चष्मा हवा होता. मायक्रोमीटर डोळ्यांजवळ धरता येतो, ड्रॉइंग जवळ घेता येतं. फळा येत नाही. टवाळी ही झाकपाक होती. ती तीन पानं मी फाडली नाहीत. आजही कुणी विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात सिद्धांत सापडल्याचं सांगतो तेव्हा मी त्याला ती वाचायला देते.

शेवटी अहवाल. दिलेला शब्द पाळायचा होता. सभागृहात व्यवस्थापनाचे सहाजण, निदेशक, आणि मी आग्रह धरला म्हणून काका आणि आणखी दोन टर्नर, मागच्या रांगेत. मी रेघांचे नकाशे पडद्यावर दाखवले : शॉपमधल्या मुलांचं जाळं, खोलीतल्या मुलांच्या तीन-चार रेघा. हाताखालच्या कामाचा वेळ टर्नरच्या उत्पादनातून वजा करावा, नाहीतर शिकवणारा शिकवायचा दंड भरतो, हे सांगितलं. काचेच्या खोलीतल्या मुलांना आठवड्यातले दोन दिवस शॉपमध्ये द्यावेत आणि शॉपमधल्यांना दोन दिवस खोलीत, हेही.

मुख्य अधिकाऱ्यांनी विचारलं, "याचं टक्केवारीत काय होईल?" मी म्हणाले, टक्केवारीत सांगता येणार नाही. थोडी शांतता. मग त्यांचे सहकारी उत्साहाने म्हणाले, "सर, तो पिवळा पट्टा एक पाऊल आत घेता येईल." ते कुणीतरी टिपून घेतलं. बाकीचं टिपलेलं मला दिसलं नाही.

सभा संपल्यावर काका पडद्याजवळ आले. नकाशा अजून लावलेलाच होता. त्यांनी चष्मा वर केला आणि जाळ्यातल्या सगळ्यात गडद ठिकाणावर बोट ठेवलं.

"हा डाग कसला?"

"तुमचं मशीन, काका. मुलं सगळ्यात जास्त तिथे येतात. तुम्ही नसतानाही."

ते बराच वेळ बघत राहिले. रेघा कुठून कुठून येतात ते बोटाने मागे मागे नेत एकेका मशीनपर्यंत गेले.

"तरीच," ते म्हणाले. "तरीच माझा आकडा सापडत नाही."